‘मेमरी लेन’, पांदण आणि खूणगाठ : स्मरणरंजनाच्या एका इंग्रजी वाक्प्रचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी मेळाव्यांचे वृत्त मराठी दैनिकात छापून येते तेव्हा त्याचा मथळा बहुधा ठरलेला असतो : ‘आठवणींना उजाळा’. त्याच मेळाव्याचा इंग्रजी अहवाल तयार होतो तेव्हा तेथे ‘अ ट्रिप डाऊन मेमरी लेन’ हे शब्द येतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्थान मिळाल्यापासून असे मेळावे आणि असे अहवाल यांची संख्या वाढली आहे. हे दोन शब्दप्रयोग एकमेकांचे भाषांतर आहेत असे गृहीत धरूनच ते वापरले जातात. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ, त्याची घडण आणि त्याचा वापर यांचा विचार करून, बुलडाणा जिल्ह्याच्या भाषिक व वाङ्मयीन परिसरात त्याला खरोखर प्रतिशब्द सापडतो काय, हे पाहिले आहे.

वरवर पाहता हा प्रश्न कोशकाराचा वाटेल. परंतु गतकाळाविषयी बोलणाऱ्या माणसाचे बोलणे ‘रंजन’ म्हणून ऐकावे की ‘साक्ष’ म्हणून ऐकावे, हा त्यामागचा प्रश्न आहे. वऱ्हाडासारख्या प्रदेशात, जेथे बहुतेक सार्वजनिक चर्चा ‘पूर्वी असे नव्हते’ या वाक्याने सुरू होते, तेथे हा प्रश्न निव्वळ शब्दांचा राहत नाही.

वाक्प्रचाराची घडण

‘टेक अ ट्रिप डाऊन मेमरी लेन’ या वाक्प्रचारात तीन घटक आहेत : ‘ट्रिप’, ‘डाऊन’ आणि ‘लेन’. यांपैकी ‘डाऊन’ हा शब्द विद्यार्थ्यांना हमखास फसवितो. तो येथे ‘खाली’ या अर्थाने नाही; रस्त्यावरून पुढे चालत जाणे एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘आठवणींच्या गल्लीत खाली उतरणे’ असे भाषांतर पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिकेत आढळले तर त्यात नवल नाही. ‘ट्रिप’ हा शब्द मात्र मराठीने केव्हाच आपलासा केला आहे. शाळेची ट्रिप सकाळी निघते आणि संध्याकाळी परत येते. वाक्प्रचारातही नेमके हेच अभिप्रेत आहे. जाणारा परत येणार आहे, त्याला तेथे राहावयाचे नाही, आणि परत आल्यावर त्याच्या वर्तमानात काहीही बदललेले नसणार आहे. हा वाक्प्रचार सुखकर वाटतो तो या परतीच्या हमीमुळे.

‘लेन’ म्हणजे कुंपणांमधून जाणारी अरुंद वाट. ती राजमार्ग नव्हे. तिच्यावर गर्दी नसते, आणि दोन्ही बाजूंच्या झाडोऱ्यामुळे ती जगापासून थोडी झाकलेलीही असते. इंग्लंडच्या ग्रामीण भूदृश्यातील ही वाट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन लोकप्रिय संस्कृतीने उचलली. ‘मेमरी लेन’ या नावाचे गाणे १९२४ मध्ये गाजले आणि १९२६ मध्ये त्याच नावाचा मूकपट आला. औद्योगिक शहरांत राहावयास आलेल्या पिढीला खेड्यातील वाट ही आठवणीचे प्रतीक म्हणून जवळची वाटावी, हे समजण्याजोगे आहे. तेव्हापासून हा वाक्प्रचार शुभेच्छापत्रे, नभोवाणीचे कार्यक्रम, निवृत्तीचे निरोपसमारंभ आणि शाळांचे मेळावे यांत स्थिरावला.

त्याच्या वापरात आणखी एक छटा आहे, जिची नोंद कोशांत क्वचितच होते. एखाद्या गंभीर चर्चेत कोणी जुना संदर्भ दिला, तर ‘आता मेमरी लेनची सहल पुरे’ अशा अर्थाने हा वाक्प्रचार त्याला थांबविण्यासाठीही वापरला जातो. म्हणजे तो बोलणाऱ्याच्या तोंडी आला की मृदू असतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडी आला की बहुधा उपहासाचा असतो. स्वतःविषयी वापरता येतो, दुसऱ्याविषयी वापरताना जपावे लागते. पुढील विवेचनात ही छटा महत्त्वाची ठरेल.

वेदना कोठे गेली?

ज्या ‘नॉस्टॅल्जिया’शी हा वाक्प्रचार जोडला जातो, तो शब्द मुळात वैद्यकातला आहे. योहान्नेस होफर या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडविला. ग्रीक भाषेतील ‘नोस्तोस’, म्हणजे घरी परतणे, आणि ‘आल्गोस’, म्हणजे वेदना, यांपासून. परमुलखात राहणाऱ्या, विशेषतः परकीय सैन्यात चाकरी करणाऱ्या स्विस तरुणांना होणारा, प्रसंगी प्राणघातक ठरणारा आजार असे त्याचे स्वरूप होते आणि घरी पाठविणे हा त्यावरील खात्रीचा उपाय मानला जाई. पुढील अडीचशे वर्षांत हा आजार देशाकडून काळाकडे सरकला. घरी परतता येते, काळात परतता येत नाही. म्हणून उपाय संपला, आणि उपाय संपल्यावर आजारही आजार राहिला नाही. तो एक मनोवस्था, मग एक अभिरुची आणि अखेरीस बाजारात विकता येणारी वस्तू झाला. ‘मेमरी लेन’ हा या प्रवासाचा शेवटचा टप्पा म्हणावा लागेल. त्यात ‘नोस्तोस’ आहे, ‘आल्गोस’ जवळजवळ नाही.

मराठीने या संकल्पनेसाठी ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ केला. ‘गतकातरता’ हाही पर्याय सुचविला गेला. तो अर्थाला अधिक जवळचा आहे, कारण ‘कातर’ या शब्दात भय आणि व्याकुळता दोन्ही आहेत. पण चालला तो ‘स्मरणरंजन’च. या शब्दाकडे थोडे थांबून पाहावयास हवे. ‘रञ्ज्’ या धातूचा मूळ अर्थ रंगविणे. मन रंगते म्हणून ‘रंजन’ म्हणजे करमणूक. इंग्रजीत गतकाळाकडे गुलाबी चष्म्यातून पाहण्याविषयीचा जो वाक्प्रचार आहे, त्यातील रंग मराठी संज्ञेच्या धातूतच बसलेला आहे. त्यामुळे मराठी समीक्षेत एखाद्या लेखनाला ‘स्मरणरंजनात्मक’ म्हटले की वर्णन आणि निकाल एकाच वेळी दिला जातो. स्मरण आहे, म्हणजे रंजन आहे. रंजन आहे, म्हणजे सत्य कमी आहे. ही सोय समीक्षकाला फार सोपी पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रामीण आणि आत्मपर लेखनाविषयीच्या कितीतरी परीक्षणांत हा शब्द निकालपत्रासारखा वापरलेला दिसतो.

‘उजाळा’ या शब्दाचे मात्र तसे नाही. उजाळा भांड्याला देतात, दागिन्याला देतात. खामगावसारख्या, चांदीच्या व्यवहारासाठी नावाजलेल्या गावात हा शब्द आजही व्यवसायातला आहे. उजाळा देण्यासाठी वस्तू हातात असावी लागते. ती हरवलेली नसते, काळवंडलेली असते. म्हणजे ‘आठवणींना उजाळा’ या मराठी प्रयोगात जाणे नाही आणि येणेही नाही. आठवण जवळच आहे, तिच्यावरचे किटाण काढावयाचे आहे. इंग्रजी वाक्प्रचार भूतकाळाला एक जागा मानतो, मराठी प्रयोग त्याला वस्तू मानतो. वृत्ताचा मथळा देणाऱ्याच्या मनात यातले काहीही नसते हे उघड आहे; पण भाषेच्या मनात ते असते.

चित्रदर्शनाची सहल

स्मरणाची सहल ही कल्पना भारतीय वाङ्मयाला अपरिचित आहे असे नाही. विदर्भातील पद्मपूरचा मानल्या गेलेल्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’च्या पहिल्याच अंकात ती रंगविली आहे. राज्याभिषेकानंतर राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतजीवनाची चित्रे पाहतात. विवाह, वनवास, दंडकारण्य असे एकेक प्रसंग समोर येतात आणि ते दिवस निघून गेले, हा रामाचा उद्गार सुशिक्षित मराठी बोलण्यात आजही सुभाषितासारखा वापरला जातो. तो बहुधा खुशालीच्या प्रसंगी, थोडा सुस्कारा टाकून वापरला जातो. नेमका ‘मेमरी लेन’सारखा.

परंतु नाटकात पुढे काय होते? चित्रे पाहून सीतेला पुन्हा त्या वनात जावे, भागीरथीच्या पाण्यात उतरावे अशी इच्छा होते. लोकापवादाची वार्ता येते आणि तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त बनते. रथ सिद्धच असतो. आठवणींची सहल येथे परत येत नाही. ती निर्वासनात संपते. भवभूतीने स्मरण आणि त्याचे परिणाम यांत ठेवलेला हा सांधा आजच्या वापरात पूर्णपणे गळून गेला आहे. उद्गार राहिला, त्याचे मोल राहिले नाही. आठवण ही तिच्या धन्याच्या स्वाधीन असेलच असे नाही, ती दुसऱ्याच्या हातातही पडू शकते, ही जाणीव त्या अंकात जितकी तीव्र आहे, तितकी पुढच्या स्मरणपर मराठी वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी आढळते.

‘लेन’ला वऱ्हाडात काय म्हणतात?

‘लेन’चे भाषांतर ‘गल्ली’ असे करणे ही शहरी सवय आहे. गल्लीला दोन्ही बाजूंनी घरे असतात. इंग्रजी ‘लेन’ला, निदान या वाक्प्रचारातील ‘लेन’ला, झाडोरा आणि शेते असतात. बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याजवळ तिच्यासाठी नेमका शब्द आहे : पांदण. दोन्ही बाजूंनी धुरे, त्यांवर बोरी-बाभळी, मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या. शब्दाला शब्द लावावयाचा तर ‘आठवणींची पांदण’ हेच अचूक भाषांतर होईल.

आणि तसे भाषांतर केले की वाक्प्रचाराची सारी गोडी जाते. कारण पांदण ही ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती पावसाळ्यातील गुडघाभर चिखलासह ठाऊक आहे. आषाढ-श्रावणात तिच्यातून खताची गाडी जात नाही, आणि कापूस घरी आणावयाच्या वेळी शेजाऱ्याने धुरा कोरून ती अरुंद केलेली असते. पांदण मोकळी करून घेणे हे तहसील कार्यालयात अर्ज करण्याचे, प्रसंगी भाऊबंदकीचे काम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेताकडे जाण्याच्या वाटेचे अर्ज चालतात आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम वाटेतील अडथळा काढण्यासाठी आजही लागू केला जातो. गावनकाशात दाखविलेली वाट प्रत्यक्षात असतेच असे नाही. राज्य शासनाला पाणंद रस्त्यांसाठी स्वतंत्र योजना आखाव्या लागल्या, यावरूनही या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते.

हा केवळ विनोद नव्हे. ‘मेमरी लेन’ या रूपकात एक गृहीत दडलेले आहे : वाट मोकळी आहे आणि चालणाऱ्याला तिच्यावरून जाण्याचा हक्क आहे. ज्याच्या भूतकाळाकडे जाणारी वाट दुसऱ्याने अडविली आहे, त्याच्यासाठी हा वाक्प्रचार घडलेला नाही. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या ‘द कंट्री अँड द सिटी’ या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील ‘हरवलेल्या सुखी खेड्या’चा माग काढताना दाखवून दिले की, प्रत्येक पिढी आपल्या अलीकडच्या पिढीचे खेडे सुखी मानते, त्या पिढीकडे गेले तर ती आणखी मागे बोट दाखविते, आणि हा सरकता जिना थांबत नाही. या साऱ्या स्मरणात त्या खेड्यात राबणारा मजूर कोठेच नसतो, हा त्यांचा आक्षेप होता. पांदणीवरून बैलगाडीत बसून गेलेला आणि त्याच पांदणीवरून डोक्यावर भारा घेऊन चाललेला, या दोघांची आठवण एक असू शकत नाही.

‘सोन्याची कुऱ्हाड’

वऱ्हाडाजवळ स्वतःचा असा एक गतवैभवाचा वाक्प्रचार आहे. ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ असे म्हटले जाते. कुऱ्हाड हे कष्टाचे हत्यार. तेही सोन्याचे असावे इतकी येथे समृद्धी होती, असा त्याचा रूढ अर्थ. भाषणांत तो आजही येतो आणि सहसा भूतकाळी क्रियापदासह येतो.

विल्यम्स यांची कसोटी येथे लावून पाहणे उद्बोधक आहे. ही सोन्याची कुऱ्हाड नेमकी केव्हा होती? एकोणिसाव्या शतकाचा सातवा दशक हा पहिला उमेदवार. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. खामगावच्या बाजाराचे महत्त्व इतके वाढले की, १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. परंतु युद्ध संपताच भाव कोसळले होते. आणि त्याच शतकाच्या अखेरीस, १८९६–९७ व १८९९–१९०० मध्ये, याच कापसाच्या मुलखाने भीषण दुष्काळ सोसले. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांचा एकत्र अभ्यास केला आहे, तो यासाठीच. अन्नधान्याच्या जमिनीवर कापूस चढणे आणि दुष्काळात धान्य न मिळणे या वेगळ्या गोष्टी नाहीत. सोन्याची कुऱ्हाड होती असे मानले तरी ती कोणाच्या हातात होती, हा प्रश्न म्हणीने विचारलेला नाही.

येथवरचे विवेचन स्मरणरंजनाच्या विरोधात जाते असे वाटेल. पण वऱ्हाडातील शेतकरी जेव्हा गतकाळाविषयी बोलतो, तेव्हा तो बहुधा लॉर्ड मेयोंच्या काळाविषयी बोलत नसतो. त्याचे वाक्य वेगळे असते. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली त्या सुमाराच्या दिवसांविषयी तो सांगतो की, क्विंटलभर कापसात तोळाभर सोने येत असे. हे विधान कापूस उत्पादक पट्ट्यात सर्वत्र ऐकू येते. त्याची रचना लक्षणीय आहे. त्यात सुस्कारा नाही. त्यात माप आहे. एका बाजूला क्विंटल, दुसऱ्या बाजूला तोळा. हे विधान खरे की खोटे, कोणत्या वर्षी खरे आणि कोणत्या वर्षी खोटे, हे बाजारभावांच्या नोंदी पाहून ठरविता येते. जे पडताळून पाहता येते त्याला ‘रंजन’ म्हणणे हा संज्ञेचा गैरवापर आहे. ही आठवण म्हणजे तोंडी ठेवलेला जमाखर्च आहे. ती सांगणारा भूतकाळात जाऊ इच्छित नाही, आजच्या भावाविषयी तक्रार करतो आहे.

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदतयोजनेचे जे संकुल घोषित केले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्यासह बुलडाण्याचाही समावेश होता. शेतकरी आत्महत्यांच्या त्या काळात या प्रदेशातील वृद्धांच्या आठवणींकडे दोन तऱ्हांनी पाहता येत होते : मागच्या दिवसांत रमणारी माणसे म्हणून, किंवा काय बिघडले याचे साक्षीदार म्हणून. ‘मेमरी लेन’चा तो उपहासगर्भ वापर, जो बोलणाऱ्याला थांबवितो, त्याचे मराठी रूप अशा वेळी दिसते. ‘जुने दिवस गेले, आता नवे शिका’ असे सांगणाऱ्याला जुन्या दिवसांतील मापांचा हिशेब द्यावा लागत नाही.

अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ, त्याच्या पत्नीची, अलकाची, शेतीच्या घरात होणारी घुसमट आणि मागच्या पिढीची मातीला धरून राहण्याची सवय यांची ही कादंबरी. तिच्यात खेडे आहे, वऱ्हाडी बोली आहे, सण-पेरण्या आहेत. म्हणजे स्मरणरंजनाची सारी सामग्री आहे. तरीही ती स्मरणरंजनात्मक का ठरत नाही? शीर्षकाकडे पाहिले तर उत्तराची दिशा मिळते. बारोमास म्हणजे बाराही महिने. सहलीला जाणारा एका ऋतूत जातो आणि त्याला त्या ऋतूचे खेडे दिसते. बारा महिने तेथेच राहणाऱ्याला परतीची वाट नाही, म्हणून त्याचे खेडे वेगळे आहे. मराठी ग्रामीण साहित्यातील बराच भाग शहरात स्थिरावलेल्या लेखकांनी मागे वळून लिहिला. तो सारा हिणकस आहे असे नव्हे, पण ‘बारोमास’ची जात त्याहून निराळी आहे, आणि ती ओळखण्यासाठी हा भेद उपयोगी पडतो.

पक्षी, चित्रे आणि अडगळ

मराठी आत्मपर लेखनाची शीर्षके स्मरणाविषयी काय सांगतात, हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. येथे त्याचा ओझरता निर्देश करता येईल. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींना ‘स्मृतिचित्रे’ म्हटले. चित्र भिंतीवर असते, पाहणारा त्याच्यापासून थोडा दूर उभा असतो. लक्ष्मीबाईंचा विनोद या अंतरातूनच आला आहे. प्र. ई. सोनकांबळे यांनी १९७९ मध्ये ‘आठवणींचे पक्षी’ हे शीर्षक निवडले. पोरकेपण, भूक आणि शिक्षणासाठीची धडपड यांची ही कहाणी. वाटेवरून माणूस आपल्या इच्छेने चालतो. पक्षी त्याला विचारून येत नाहीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. दलित आत्मकथनांना ‘स्मरणरंजन’ हा शब्द कोणी लावीत नाही, ही गोष्ट वरवर योग्यच वाटते; पण तिच्यामुळे एक फसवी विभागणी पक्की होते. एकांच्या आठवणी रंजन आणि दुसऱ्यांच्या आठवणी वेदना, अशी. वस्तुतः ‘आठवणींचे पक्षी’ मध्येही मायेचे क्षण आहेत आणि ‘स्मृतिचित्रे’ मध्येही सोवळ्याचा जाच आहे. मूळ ग्रीक शब्दात परतणे आणि वेदना जोडून आली होती, ती मराठी समीक्षेने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली.

भालचंद्र नेमाडे यांनी २०१० मध्ये ‘हिंदू’ या कादंबरीच्या उपशीर्षकात ‘समृद्ध अडगळ’ हे शब्द वापरून आणखी एक रूपक दिले. अडगळीत जाता येत नाही, तिच्यातच राहावे लागते. फेकवत नाही आणि वापरवतही नाही. ‘मेमरी लेन’च्या नीटनेटक्या वाटेपासून हे रूपक सर्वांत दूरचे आहे.

खूणगाठ

या सर्व रूपकांत बुलडाणा जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष लक्ष वेधून घेते ते ना. घ. देशपांडे यांचे. मेहकर तालुक्यातील सेंदूरजन येथे १९०९ मध्ये जन्मलेले आणि मेहकर येथे वकिली करणारे हे कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकेमुळे महाराष्ट्रभर पोहोचली आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ मध्ये निघाला. मधल्या काळात गाणे ऐकणारी मुले संसारी झाली होती. त्यामुळे संग्रह हाती आला तेव्हा अनेकांच्या दृष्टीने ती कविता आधीच आठवण होऊन बसली असणार, आणि तेव्हापासून ‘शीळ’विषयीचे बहुतेक लेखन ‘ते दिवस, ती तबकडी, तो आवाज’ याच सुरात होत आले आहे.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. कवितेत रानातून जाणारी शीळ आहे आणि ती ऐकून अस्वस्थ होणारे स्त्रीमन आहे. ही अस्वस्थता त्या क्षणाची आहे. तिला मागे वळून पाहावयाचे नाही. गतकातरता आहे ती वाचकाच्या, म्हणजे श्रोत्याच्या, ठिकाणी. रचनेतील भाव आणि रचनेभोवती साचलेला भाव यांची गल्लत केल्यामुळे ना. घं.ची गणना सरसकट ‘गोड आठवणींच्या कवीं’त होते आणि त्यांच्या कवितेतील ऐंद्रिय, कधी कधी धीट असा स्वर ऐकला जात नाही. ‘मेमरी लेन’चा हा एक वाङ्मयीन तोटा म्हटला पाहिजे. त्या वाटेने गेलेला वाचक कवितेपर्यंत पोहोचत नाही, स्वतःच्या तारुण्यापाशीच थांबतो. मेहकरच्याच ‘कंचनीचा महाल’ या पडक्या वास्तूवर ना. घं.नी दीर्घ कविता लिहिली. पडकी वास्तू हे युरोपीय स्वच्छंदतावादात गतकाळाच्या हुरहुरीचे आवडते स्थान, ना. घं.च्या बाबतीत मात्र तो महाल पर्यटकाने पाहिलेला अवशेष नव्हता, त्यांच्या गावातला होता. रोजच्या दृष्टीस पडणाऱ्या अवशेषाकडे सहलीला जाता येत नाही.

त्यांचा ‘खूणगाठी’ हा संग्रह १९८५ चा. १९८६ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे शीर्षक मराठीतील स्मरणविषयक वाक्प्रचारांपैकी बहुधा सर्वांत खोल अशा वाक्प्रचाराकडे बोट दाखविते. काही विसरू नये म्हणून पदराला किंवा उपरण्याच्या टोकाला गाठ मारावयाची, ही ती मूळ कृती. निरक्षर माणसाची ती वही होती. पुढे ‘मनाशी खूणगाठ बांधणे’ असा लाक्षणिक अर्थ आला. या वाक्प्रचाराचा काळ तपासला तर एक गोष्ट ध्यानात येते : गाठ आज मारली जाते, ती मागच्या गोष्टीची असते, पण तिचा उपयोग पुढे होणार असतो. कोणाचे देणे आहे, कोणाला काय सांगावयाचे आहे, कोणता शब्द पाळावयाचा आहे. खूणगाठ भूतकाळात नेत नाही; ती भूतकाळाला भविष्याशी जखडते. आणि ती सुटेपर्यंत बोटाला टोचत राहते.

स्वेतलाना बोइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार मानले. हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहणारा पहिला, आणि परतण्याऐवजी त्या ओढीचाच विचार करीत राहणारा, चिंतनशील असा दुसरा. हे वर्गीकरण भारतीय अभ्यासकांनी मोठ्या प्रमाणावर वापरले आहे. परंतु क्विंटल-तोळ्याचे वाक्य बोलणारा शेतकरी या दोहोंपैकी कोणत्याच प्रकारात नीट बसत नाही. त्याला १९७२ पुन्हा आणावयाचे नाही. त्या सालच्या दुष्काळाची आठवणही त्याच्याजवळ आहे. आणि तो त्या ओढीचे चिंतनही करीत नाही. त्याने एक गाठ मारून ठेवली आहे आणि ती तो दाखवितो आहे. या तिसऱ्या प्रकाराला नाव द्यावयाचे झाले तर ते इंग्रजीतून आणण्याचे कारण नाही.

अनुवादाचा प्रश्न

शेवटी मूळ प्रश्नाकडे, म्हणजे भाषांतराकडे. निरोपसमारंभाच्या वृत्तात ‘मेमरी लेन’साठी ‘आठवणींना उजाळा’ चालेल. तेथे दोन्ही शब्दप्रयोग सारखेच गुळगुळीत झालेले आहेत आणि कोणाचे काही बिघडत नाही. ललित लेखात, जेथे लेखक खरोखर एखाद्या जुन्या परिसरातून मनाने फिरत असतो, तेथे ‘आठवणींच्या वाटेने’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. ‘गल्ली’ टाळावी, कारण मराठीत गल्लीला क्षुद्रतेची छटा आहे. इंग्रजी संवादात हा वाक्प्रचार दुसऱ्याला गप्प करण्यासाठी आला असेल, तर त्याचे भाषांतर ‘उजाळा’ने होणारच नाही. तेथे ‘जुने उगाळणे’ हा अस्सल मराठी प्रयोग आहे आणि त्यातील हेटाळणी मूळ इंग्रजीपेक्षा काकणभर अधिकच आहे.

उलट दिशेचा अनुवाद अधिक कठीण आहे. वऱ्हाडातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत इंग्रजीत नेताना, किंवा बुलडाणा-अकोल्याकडील कथा-कादंबरीचे भाषांतर करताना, ‘पह्यले असं नोतं’ या वाक्याभोवती अनुवादक नकळत ‘नॉस्टॅल्जिया’, ‘गुड ओल्ड डेज’, ‘मेमरी लेन’ असे तयार शब्द गुंडाळतो. ते शब्द इंग्रजी वाचकाला ओळखीचे असतात आणि म्हणूनच ते वाक्य निरुपद्रवी होते. अशा ठिकाणी माप जसेच्या तसे ठेवावे : क्विंटल क्विंटलच राहू द्यावा, तोळा तोळाच राहू द्यावा, आणि कोणत्या सालाविषयी बोलणे चालले आहे ते विचारून घ्यावे. क्षेत्रीय अभ्यासासाठी गावात जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत ‘पूर्वीची परिस्थिती’ असा एक मोघम रकाना असतो. त्याऐवजी साल, पीक, भाव आणि मजुरी असे चार रकाने केले, तर त्या रकान्यांत काय भरले जाते हे पाहण्याजोगे ठरेल.